टिकटिकीची वही

१
माझा काउंटर अंगाच्या साबणाच्या वडीएवढा. आत करंगळीएवढी नळी, नळीत विरळ वायू, मधोमध ताणलेली तार. एखादा कण आरपार गेला की वायूत क्षणभर वीज वाहते आणि टिक वाजतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून दहा-दहा मिनिटं मोजलं. मिनिटाला सरासरी १४. सकाळी १४, रात्री १५, घरात पाहुणे असताना १४.

२
बत्तीस वर्षं एक्स-रे विभागात काढली. छातीवर बिल्ला. दर तीन महिन्यांनी जुना जायचा, नवा यायचा, मागाहून कागद यायचा. कागदावर माझ्या नावापुढे बहुतेक वेळा शून्य. ते शून्य वाचल्याशिवाय मी कामाला लागत नसे.

३
बिल्ला उघडला तर आत ॲल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीवर शर्टाच्या बटणाएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या. टेफ्लॉनमध्ये कालवलेलं कॅल्शियम सल्फेट, त्यात डिस्प्रोसियमचा किंचित अंश. एका चकतीवर धातूची गाळणी, दुसरीवर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी. चकतीवर किरण पडले की त्यांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते, महिनोन्‌महिने. प्रयोगशाळेत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवली की तीच ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. उजेड किती पडला यावरून डोस किती लागला ते कळतं. तापवल्यावर चकती सगळं विसरते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर जायला मोकळी होते.

४
एकदा एका सहकाऱ्याचा बिल्ला शिशाच्या एप्रनला लावलेलाच एक्स-रे खोलीत टांगून राहिला. पुढच्या कागदावर त्याच्या नावापुढे मोठा आकडा. माणूस त्या दिवसांत रजेवर होता, कोकणात, पुतणीच्या लग्नाला. चौकशी महिनाभर चालली. त्यानंतर त्याने बिल्ला कधी कुठे विसरला नाही.

५
१९८०. हंगेरीचा बर्तालान फार्काश साल्युत-६ या अंतराळस्थानकावर गेला. सोबत बुडापेस्टमध्ये तयार झालेलं डोस मोजायचं यंत्र नेलं. तोवर अंतराळवीरांचे बिल्ले पृथ्वीवर परत आले की मगच वाचता यायचे. हंगेरियन शास्त्रज्ञांनी वाचायचं यंत्रच इतकं लहान केलं की ते स्थानकावर नेता आलं. काचेच्या छोट्या बल्बमध्ये पूड, बल्बमध्येच ती तापवायची सोय. बल्ब यंत्रात सरकवायचा की आकडा समोर. पूड कसली? कॅल्शियम सल्फेट आणि डिस्प्रोसियम.

यंत्राचं नाव ‘पिल्ले’. त्यांच्या भाषेत फुलपाखरू.

६
१९८४ मध्ये अंतराळवीर सॅली राइडच्या दुसऱ्या अंतराळफेरीत ‘पिल्ले’ अमेरिकी यानातूनही जाऊन आलं. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या रशियन भागात त्याला कायमची जागा मिळाली. स्थानकाबाहेर कामाला जाणाऱ्या अंतराळवीरासोबत एक बल्ब जातो आणि आत आल्यावर वाचला जातो. शीतयुद्धात दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवलेली यंत्रं फार नसतील.

७
बिल्ल्यांच्या प्रत्येक पेटीत एक बिल्ला कुणाचाच नसतो. त्याला कंट्रोल म्हणायचं. तो कुणी घालायचा नाही, किरणांपासून लांबच्या कपाटात ठेवायचा आणि बाकीच्यांबरोबर परत पाठवायचा. येता-जाता रस्त्यात जो डोस लागतो तो सगळ्यांच्या आकड्यातून वजा करता यावा म्हणून. कुरियर विमानाने गेलं तर वाटेतला डोस थोडा जास्त.

हे वाक्य मी नव्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. विमानात डोस लागतो, म्हणून बिल्ल्याची काळजी घ्यायची. विमानातल्या माणसांचा विचार तेव्हा माझ्याही मनात आला नाही.

८
भाची आठ वर्षं केबिन क्रूमध्ये आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा माझे जुने फोटो बघत बसली होती.

“मावशी, हे काय लावलंय छातीवर?”

“बिल्ला. किती किरण लागले ते मोजायचा.”

“आम्हाला काय ते लागतात ना? ट्रेनिंगला एक स्लाइड होती.”

“मग कागद येतो का वर्षाचा?”

“कसला कागद?”

९
आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० च्या शिफारशींत पहिल्यांदा म्हटलं, की जेट विमानांच्या कर्मचाऱ्यांना लागणारा, अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचा डोस हा कामावरचा डोस धरावा. म्हणजे माझ्यासारखाच.

युरोपीय संघात २००० पासून त्याचा हिशोब ठेवणं बंधनकारक आहे. वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या (डोस याच एककात मोजतात) वर जाऊ शकेल अशा प्रत्येक कर्मचाऱ्याचा डोस काढायचा, त्याला सांगायचा आणि जास्त डोसवाल्यांच्या ड्यूट्या त्या बेताने लावायच्या.

१०
वर्षाला २ ते ५ मिलिसिव्हर्ट, असा लांब पल्ल्याच्या क्रूचा अंदाज साधारण सगळीकडे सापडतो. अमेरिकेत किरणांशी संबंध येणाऱ्या सगळ्या धंद्यांची २००६ ची सरासरी काढली तेव्हा सर्वांत वर विमान कर्मचारी होते, सुमारे ३ मिलिसिव्हर्ट. अणुभट्टीवाले खाली, दवाखान्यातले खाली.

आपल्याकडे किरणांशी काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३०. म्हणजे घाबरण्यासारखा आकडा नाही. पण माझ्या शून्याचा कागद यायचा आणि भाचीच्या तिनाचा येत नाही, हे मला पटत नाही.

११
विमानात तासाला २ ते ६ मायक्रोसिव्हर्ट; हजार मायक्रो म्हणजे एक मिली. कुठून उडता, किती उंच उडता आणि सूर्य कसा आहे त्यावर.

१२
७ ऑगस्ट १९१२, सकाळी सहाच्या सुमारास बोहेमियातल्या आउसिग गावातून हायड्रोजनचा फुगा सुटला. टोपलीत तिघे : फुगा चालवणारा, हवामानाच्या नोंदी घेणारा आणि व्हिक्टर हेस. हेसपाशी तीन इलेक्ट्रोस्कोप. जर्मन जेझुइट पाद्री थिओडोर वुल्फ याने बनवलेले, सहज उचलून नेता येतील असे. धातूच्या डब्यात दोन बारीक तंतू. विद्युतभार दिला की एकमेकांपासून दूर सरकतात. हवेत किरणोत्सर्ग असेल तर भार हळूहळू गळतो आणि तंतू जवळ येतात. सूक्ष्मदर्शकातून बघायचं, किती वेळात किती जवळ आले.

वुल्फने स्वतः १९१० मध्ये आयफेल टॉवरवर चढून मोजलं होतं. सगळा किरणोत्सर्ग जमिनीतून येतो असं तेव्हाचं मत होतं, म्हणून वर जाऊन आकडा खूप उतरायला हवा होता. तेवढा उतरला नाही.

हेसचा फुगा ५,३०० मीटरच्या आसपास पोचला. सुरुवातीला आकडा थोडा उतरला, मग चढू लागला आणि ५,००० मीटरवर जमिनीवरच्या दुपटीला गेला. दुपारी बर्लिनच्या पूर्वेला फुगा उतरला. एप्रिलमध्ये खंडग्रास सूर्यग्रहण होतं, तेव्हाही तो वर जाऊन आला होता. सूर्य झाकला तरी आकडा घटला नव्हता. म्हणजे हे जे काय होतं ते वरून येत होतं, आणि मुख्यतः सूर्याकडून नव्हे.

अंगावर लोकरीचे कपडे, खाली दऱ्याखोरी, डोळा सूक्ष्मदर्शकाला. तीन यंत्रं कशाला? एक चुकलं तर कळावं म्हणून. हे वाचताना मला तो माणूस आमच्या खात्यातलाच वाटला.

१३
व्हेर्नर कोलहोर्स्टर याच्या फुग्याने ९,३०० मीटर गाठून हेसचं म्हणणं पक्कं केलं. तारीख २८ जून १९१४. त्याच दिवशी सारायेव्होत पहिल्या महायुद्धाला निमित्त ठरलेल्या गोळ्या झाडल्या गेल्या.

१४
आमच्या विभागात बिल्ल्याशिवाय एक पेन डोसिमीटर असायचा. खिशाला अडकवायचा. खिडकीकडे धरून एका टोकाला डोळा लावला की आत पट्टी आणि पट्टीवर आडवा एक केस. सकाळी केस शून्यावर आणायचा, संध्याकाळी कुठे सरकला ते वहीत लिहायचं. तो केस म्हणजे क्वार्ट्‌झचा तंतू. भार गळला की सरकतो.

फुग्यातलं ते यंत्र आणि माझ्या खिशातलं पेन यांचं तत्त्व एकच, हे मला निवृत्तीनंतर कळलं. कुणी सांगितलं असतं तर केसाकडे जास्त प्रेमाने बघितलं असतं.

१५
गेटवेहून मांडव्याची लाँच. काउंटर मांडीवर. धक्क्यावर १४. लाँच सुटली तेव्हा १३. मधल्या समुद्रात, दोन्ही किनारे लांब असताना, वीस मिनिटांची सरासरी ७. मांडव्याला उतरलो, पुन्हा १३.

पाणी जमिनीतले किरण अडवतं. उरलेले सात कुठले? थोडे यंत्राचे स्वतःचे. बाकीचे बहुतेक वरचे.

शेजारच्या काकांनी विचारलं, “मासे शोधता का?”

१६
डोमेनिको पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञाने जून १९११ मध्ये लिव्होर्नोच्या समुद्रात इलेक्ट्रोस्कोप तीन मीटर खोल बुडवला. आकडा सुमारे २० टक्के उतरला. जमिनीतून येणारा किरणोत्सर्ग तिथे नव्हताच, म्हणजे पाण्याने अडवलं ते वरून येणारं. हेसच्या फुग्याच्या एक वर्ष आधी.

हेसला नोबेल मिळालं १९३६ मध्ये. पाचिनी १९३४ मध्ये वारला होता.

१७
दख्खनचा काळा दगड किरणोत्सर्गात गरीब आहे. मुंबई-पुण्यात जमिनीतून येणारा आकडा म्हणूनच लहान. हैदराबादला बहिणीच्या अंगणात, ग्रॅनाइटच्या शहाबादीसारख्या लाद्यांवर काउंटर ठेवला : २६. बहीण घाबरली. तिला सांगितलं, ग्रॅनाइटच्या मुलखात लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

१८
मांडव्याहून अलिबाग. चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणापाशी रिक्षा थांबवली. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा प्रवाह सुया हलवणार, म्हणून काम १९०४ मध्ये अलिबागला आलं. इमारती लोखंडाविना, पोरबंदरच्या दगडात.

१८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या वादळाने कुलाब्याची नोंद सुमारे १,६०० नॅनोटेस्ला खाली गेली होती. तो कागद आजही जगभरचे लोक अभ्यासतात.

१९
विश्वकिरण हे बहुतांश विद्युतभार असलेले कण. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं. ध्रुवांपाशी दार जवळजवळ उघडं. विषुववृत्ताकडे दार जड. भारताच्या दक्षिण भागावर ते जगात सर्वांत जड असलेल्यांपैकी. आत शिरायला कणाला सुमारे १७ गिगाव्होल्टचा जोर लागतो. डोक्यावरची हवा सगळ्यांना दिसते. हे छप्पर दिसत नाही.

२०
मुंबईहून लंडन, खिडकीची जागा, काउंटर ट्रेवर, वही शेजारी. दर वेळी दहा मिनिटांची सरासरी.

विमानतळावर, खुर्चीत : १३.
चढताना : मोजता येत नाही, प्रत्येक मिनिट वेगळं. हेसला सापडलेला सुरुवातीचा उतार शोधायचा होता. जेट तो दीड-दोन मिनिटांत ओलांडतं. हाती लागला नाही.
३४,००० फूट, ओमानच्या आखाताजवळ : १६६.
३६,००० फूट : २०४.
३६,००० फूट, तासाभराने : २३९.
३६,००० फूट, आणखी तासाभराने : २८१.
३८,००० फूट, जर्मनीवर : ३७२.

पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात उंचीही बदलली आहे, त्यामुळे ते दोन बाजूला ठेवते. मधल्या तीन आकड्यांत उंची तीच. फक्त विमान उत्तरेला सरकत होतं.

एक एअर होस्टेस दर फेरीला वाकून बघायची. “आत्ता किती?” चौथ्यांदा सहकाऱ्याला घेऊन आली. पाचव्यांदा हळूच विचारलं, “हे जास्त आहे का?”

“एका फेरीला नाही. वर्षाचा हिशोब बघायला हवा.”

“तो कोण ठेवतं?”

२१
याकोब क्ले हा डच शास्त्रज्ञ १९२७ च्या सुमारास जावा आणि हॉलंडदरम्यान बोटीने प्रवास करताना विश्वकिरण मोजत होता. विषुववृत्ताकडे जाताना आकडा उतरायचा. यावरून पुढे ठरलं, की हे किरण म्हणजे नुसता प्रकाश नव्हे, भार असलेले कण आहेत. त्याला आठवडे लागले. मला एक जेवण आणि एक डुलकी.

२२
बंगळूरला असताना होमी भाभांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काउंटर विमानात बसवून ३०,००० फुटांपर्यंत विश्वकिरणांतले मेसॉन नावाचे कण मोजले. निबंध १९४५ चा. चुंबकीय विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, इतक्या उंचीवर जाऊन मोजायला बंगळूरहून सोयीची जागा कुठली?

२३
त्याआधी बिभा चौधुरी आणि देबेंद्रमोहन बोस यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या डोंगरांवर फोटोच्या काचा महिनोन्‌महिने ठेवल्या आणि त्यांवर उमटलेल्या कणांच्या रेघा मोजल्या. युद्धामुळे चांगल्या काचा मिळेनात आणि काम अडलं. त्याच पद्धतीने, सुधारलेल्या काचांवर, सेसिल पॉवेलने केलेल्या कामाला १९५० चं नोबेल.

माझा पहिला बिल्ला फिल्मचा होता. काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा तुकडा.

२४
माझ्या काउंटरचा मोठा दोष : तो कण मोजतो, कण कसला ते त्याला कळत नाही. तीळ पडला काय आणि कलिंगड पडलं काय, एकच टिक. शिवाय विमानाच्या उंचीवर डोसचा मोठा वाटा न्यूट्रॉनचा, जवळजवळ निम्मा. न्यूट्रॉनला भार नसतो. ते या नळीतून बहुतेक टिक न वाजवताच निघून जातात. पडद्यावर जो मायक्रोसिव्हर्टचा आकडा येतो तो जमिनीवरच्या गॅमा किरणांसाठी जुळवलेला. म्हणून विमानात मी नुसत्या टिका लिहिते, डोस लिहीत नाही.

जे काउंटर विकतात त्यांनी हे खोक्यावर ठळक छापायला हवं.

२५
नीट मोजायचं तर वेगळं यंत्र लागतं. शरीराच्या मांसासारखीच जडणघडण असलेल्या प्लॅस्टिकचा पोकळ गोळा, आत अगदी कमी दाबाचा वायू. दाब इतका कमी, की कणाला तो अख्खा गोळा एका पेशीतल्या दोन मायक्रोमीटरच्या जागेएवढाच वाटावा. नारळाएवढा गोळा, पेशीच्या मापाचा. शास्त्रज्ञ हे पेटीत घालून विमानात आणि यानात नेतात. अशा मोजण्यांवरूनच हिशोबाची सॉफ्टवेअर तपासली जातात : मार्ग, उंची, तारीख घातली की डोस निघतो.

म्हणून क्रूला बिल्ला देत नाहीत. विश्वकिरण बऱ्यापैकी स्थिर असतात, हिशोब पुरतो. हे शास्त्र मला मान्य आहे. हिशोब मात्र केला पाहिजे आणि ज्याचा आहे त्याच्या हातात दिला पाहिजे.

२६
३१ जानेवारी १९५८. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१. त्यावर जेम्स व्हॅन ॲलन यांचा गायगर काउंटर. काही जागी तो चक्क शून्य दाखवू लागला. अंतराळात विश्वकिरण नाहीत असं कसं होईल?

त्यांचा विद्यार्थी कार्ल मॅकइल्वेन याने तसाच काउंटर एक्स-रे यंत्रासमोर धरला. किरण खूप वाढवले की काउंटरला दोन टिकांमध्ये श्वास घ्यायलाच वेळ उरत नाही आणि तो गप्प होतो. वरचं शून्य हे रितेपणाचं नव्हतं. तिथे कणांचा पट्टा होता. आज त्याला व्हॅन ॲलन पट्टा म्हणतात.

नव्या मुलांना शिकवताना ही गोष्ट मी जरूर सांगितली असती. शून्य वाचलं की यंत्र जागं आहे ना, ते आधी बघा.

२७
सोफियाच्या शेजारी ल्युलिन नावाचा डोंगर आहे. ‘ल्युलिन’ नावाचं बल्गेरियन यंत्र १९८८ मध्ये मीर स्थानकावर गेलं. सिलिकॉनची पातळ चकती, कण शिरला की बारीकसा विजेचा स्पंद. स्पंद किती मोठा, तेही नोंदतं. म्हणजे तीळ आणि कलिंगड वेगळे कळतात.

याच घराण्यातलं एक यंत्र, नाव ‘रॅडॉम’, वजन ९८ ग्रॅम, २२ ऑक्टोबर २००८ ला श्रीहरिकोट्याहून चंद्राकडे निघालं. चांद्रयान-१ वर. पट्ट्यांतून जाताना त्याने आकडे चढताना पाहिले. पुढे चंद्राभोवती १०० किलोमीटरवर फिरताना आकडा उतरला, कारण आकाशाचा मोठा भाग चंद्रानेच झाकला होता.

९८ ग्रॅम. माझा काउंटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४० भरतो.

२८
कॉनकॉर्डमध्ये किरणोत्सर्गाचा मीटर पक्का बसवलेला होता. पिवळा दिवा लागला की लक्ष ठेवायचं, लाल लागला की विमान खाली आणायचं. ६०,००० फुटांपर्यंत उडायचं, म्हणून.

त्याच्या निम्म्या-पाऊण उंचीवर रोज लाखो माणसं उडतात.

२९
अपोलो-१७, डिसेंबर १९७२. दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले, एक वर फिरत राहिला. वर फिरणाऱ्याच्या सोबत पाच उंदीर. प्रत्येकाच्या डोक्याच्या कातडीखाली प्लॅस्टिकचा डोसिमीटर. एक वाटेत मेला. त्यांचे डोसिमीटर अजूनही कुणीतरी जपून ठेवले असतील अशी आशा.

३०
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सूर्यावर मोठं वादळ झालं. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परत आलं होतं. अपोलो-१७ डिसेंबरमध्ये गेलं.

३१
अपोलो-११ च्या वाटेवर बझ ऑल्ड्रिनला अंधारात उजेडाचे ठिपके दिसले. पुढच्या फेऱ्यांतही अंतराळवीरांना डोळे मिटल्यावर ठिपके आणि रेघा दिसत राहिल्या. विश्वकिरणांचा कण डोळ्यातून जातो तेव्हाचा तो उजेड. माणसाने सोबत नेलेलं, वजन न वाढवणारं एकमेव उपकरण.

३२
कॅनडाची युक्ती : काचेच्या नळीत घट्ट जेली, जेलीत उकळण्याच्या बेतात असलेल्या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब. न्यूट्रॉन थेंबाला धडकला की थेंबाचा बुडबुडा होतो आणि तिथेच अडकून राहतो. बुडबुडे मोजायचे, न्यूट्रॉन कळतात. अंतराळस्थानकावर या नळ्या ठिकठिकाणी ठेवून मोजलं आहे. साबुदाण्याच्या लापशीसारखं दिसतं. वीज नको, पडदा नको. माझ्या यंत्रांच्या यादीत हे पहिलं. कधीतरी हातात धरायचं आहे.

३३
टाइमपिक्स : सर्नच्या लोकांनी बनवलेली चिप, १४ मिलिमीटर चौकोनी, ६५,५३६ ठिपक्यांची. कण गेला की त्याचा माग चित्रासारखा उमटतो. हलका कण नागमोडी, जड कण सरळ आणि जाड. २०१२ पासून अंतराळस्थानकावर, पेनड्राइव्हसारखी संगणकाला खोचलेली.

३४
नासाची आयुष्यभराची मर्यादा पूर्वी वय आणि लिंग बघून ठरायची. बायकांना कमी, म्हणून बायकांना अंतराळात दिवस कमी. २०२२ मध्ये ती सगळ्यांना एक झाली : ६०० मिलिसिव्हर्ट.

३५
क्युरिऑसिटी गाडी मंगळाकडे जाताना तिच्यावरचं दीड किलोचं यंत्र वाटेत चालू होतं. दिवसाला सरासरी १.८ मिलिसिव्हर्ट. जवळच्या मार्गाने जाऊन येण्याचा हिशोब : सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट. मंगळावर राहण्याचे दिवस यात धरलेले नाहीत.

३६
नोव्हेंबर २०२२, आर्टेमिस-१. यानात माणूस नाही, दोन पुतळ्या. हेल्गा आणि झोहार. बाईच्या शरीरासारखी घडण, आत हजारो डोसिमीटर, हाडांत, फुप्फुसांत, गर्भाशयाच्या जागी. झोहारच्या अंगात किरण अडवणारं जाकीट, हेल्गाच्या अंगात नाही. पंचवीस दिवसांनी दोघी परतल्या.

माझ्या एप्रनची आठवण झाली. पाच-सहा किलोचा. संध्याकाळी काढून ठेवला की खांदे वर जायचे.

३७
सूर्य तापलेला असला की त्याचा वारा बाहेरून येणारे कण अडवतो. अकरा वर्षांचं चक्र. २०१९ मध्ये सूर्य शांत होता, तेव्हा जर्मनीवर ३८,००० फुटांवर मला ४४० मिळाले होते. २०२४ मध्ये ३७२. त्या मे महिन्यात लडाखच्या हान्लेत रात्रीचं आकाश लाल झालं. लोकांनी फोटो पाठवले. सूर्यावरून आलेल्या वादळाने त्या दिवसांत विश्वकिरणांचे आकडे आणखी खाली ढकलले होते.

मोठं वादळ स्वतःचे कणही घेऊन येतं. तेव्हा हिशोब एकदम उलटा. २०१९ च्या नोव्हेंबरपासून विमानांना अशा वादळांची सूचना देणारी केंद्रं जगभर कामाला लागली आहेत.

३८
विमानतळावर काउंटर बॅगेत चालूच राहिला आणि बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावर गेली. बाहेर आला तेव्हा त्या मिनिटाचा आकडा ९००च्या वर. बिल्ला असता तर हा डोसही माझ्या नावावर चढला असता. वहीत लाल शाईने : ही नोंद धरू नये.

३९
भाचीला दिवस गेलेत. कळलं तेव्हा सातवा आठवडा होता. कळल्याबरोबर तिने उडणं थांबवलं. आधीच्या सात आठवड्यांत तिने किती फेऱ्या केल्या, कुठल्या मार्गावर, ते तिच्याकडे लिहिलेलं होतं.

आमच्या कामात गरोदरपण कळवल्यापासून पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट. मी तिच्या फेऱ्या घेऊन बसले. मार्ग, तास, उंचीचा अंदाज. उगाच कमी धरायचं नाही म्हणून प्रत्येक तास वरच्या दराने लावला. १९४ तास. १ मिलिसिव्हर्टच्या थोडं वर.

कळवण्याआधीच्या दिवसांना ती मर्यादा लागू नाही आणि १ हा धोक्याचा उंबरठाही नाही. हे मी तिला समजावलं, डॉक्टरांनीही समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे हे सगळं तुला माहीत होतं.”

४०
तिच्या मैत्रिणीने काउंटर मागितला. कॅप्टनला विचारून नेते म्हणाली. त्यासोबत वही दिली आणि सांगितलं : टिका लिही, डोस लिहू नको. तारीख, मार्ग, उंची, दहा मिनिटांची सरासरी.

चार महिन्यांनी वही परत आली. तेवीस फेऱ्या, तीन वेगवेगळी अक्षरं. एका पानावर कॉफीचा डाग, शेजारी बाण आणि ‘टर्ब्युलन्स’. माझ्या आखलेल्या रकान्यांच्या उजवीकडे कुणीतरी पट्टीने एक जादा रकाना आखला आहे. मथळा : उडालेले तास, आजवर.